यंत्राचा डोळा आणि नागरिकाचे घर

मनुष्याच्या हाती एखादे नवे साधन आले म्हणजे प्रथम त्याचे कौतुक होते, मग त्याची सवय जडते, आणि त्याचे गुणदोष तपासून पाहण्याची बुद्धी सर्वांच्या शेवटी होते. मोबाईल, आधार क्रमांक आणि चौकाचौकांतील कॅमेरे यांच्या बाबतीतही असेच घडले आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी, अथवा कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात, या विषयावर जी मते कानी पडतात त्यांचे सामान्यतः तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग म्हणतो, ज्याने काही वावगे केले नाही त्याला भिण्याचे कारण काय? सरकारने खुशाल पाहावे. दुसरा म्हणतो, सरकारपुढे शहाणपण चालत नाही, तेव्हा बोलण्यात अर्थ नाही. तिसरा म्हणतो, ही यंत्रेच साऱ्या अनर्थाचे मूळ होत, ती नसती तर बरे झाले असते. या तिन्ही मतांत सत्याचा काही अंश आहे, परंतु तिन्ही अपुरी आहेत. ती कशी, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. राज्यकारभार माहितीवाचून चालत नाही. रसायनाच्या कारखान्यात आग लागली तर त्या घटकेस आत किती कामगार होते हे हजेरीवरूनच कळते. हरवलेले मूल शोधण्यास आणि बँकेचा परवलीचा आकडा विचारून वृद्धांस लुबाडणाऱ्या भामट्यास पकडण्यास पोलिसांना हीच साधने उपयोगी पडतात. तेव्हा सरकारने काहीच जाणू नये असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. किती जाणावे, कोणत्या अधिकाराने जाणावे, आणि जाणल्यावर त्याचे काय करावे, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता नवे काय झाले ते पाहू. तारायंत्राचा कायदा इंग्रज सरकारने १८८५ साली केला व त्यात लोकांचे संदेश अडविण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवला. सत्ता पूर्वीही काही थोडी नव्हती. परंतु पूर्वी एक पत्र फोडून वाचावयाचे तर एक कारकून लागे, आणि एका मनुष्यावर पाळत ठेवावयाची तर दोनचार शिपाई रात्रंदिवस राबवावे लागत. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध आहे. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंद उघडी ठेवली व रात्री-अपरात्री शिपाई त्याचे दार ठोठावू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरविल्या. बाकीची पाळत मात्र तशीच राहू दिली.

त्या पाळतीस श्रम पडत, म्हणून तिला आपोआप मर्यादा होती. आज तो आळा राहिला नाही. आपल्या खिशातील मोबाईल जवळच्या मनोऱ्याशी सतत संबंध ठेवून असतो. त्यामुळे आपण केव्हा कोठे होतो आणि कोणाशी किती वेळ बोललो याची नोंद कोणी शिपाई मागे न फिरताही होत असते. यंत्र थकत नाही, झोपत नाही आणि विसरत नाही. लाखो माणसांच्या नोंदींतून हवे ते नाव क्षणात वेचून काढता येते. सारांश, पूर्वी श्रमाचा जो आळा सत्तेवर होता त्याच्या जागी आता कायद्याचा आळा आला पाहिजे. तो कायदा स्पष्ट, मोजका आणि न्यायालयात तपासता येईल असा असावा. या लेखाचे सार एवढेच आहे, आणि पुढील उदाहरणे त्याच्याच स्पष्टीकरणार्थ आहेत.

ज्याने काही केले नाही त्याला भय नाही, या पहिल्या मताची परीक्षा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होऊन गेली आहे. १७ नोव्हेंबर १९१२ नव्हे, तर अगदी अलीकडे, १७ नोव्हेंबर २०१२ रोजी श्री. बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले व दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासची गावे बंद राहिली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या पालघर गावातील एका तरुण मुलीने, हा बंद कशासाठी, अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्यास पसंतीची खूण केली. मजकुरात शिवी नव्हती, कोणास मारा असे सांगितले नव्हते. तरी जमावाने त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली, आणि पोलिसांनी त्या दोघींस अटक केली. पंधरा पंधरा हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यांची सुटका झाली. पुढे दोघा पोलीस अधिकाऱ्यांस निलंबित करण्यात आले व मुलींवरील खटलाही मागे पडला. परंतु जे व्हावयाचे ते होऊन चुकले होते. एका बोटाच्या स्पर्शाने शाळा-कॉलेजातील मुलगी पोलीसठाण्यात पोहोचू शकते, हे साऱ्या देशाने पाहिले.

हे घडले कशाच्या बळावर? माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ६६-अ घालण्यात आले होते. यंत्राद्वारे पाठविलेला मजकूर अत्यंत आक्षेपार्ह असेल, अथवा खोटा असून त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून धाडलेला असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा भावार्थ होता. आता त्रास म्हणजे काय? एकास जे विनोदाचे वाटते ते दुसऱ्यास त्रासाचे वाटते. वर्गात गुरुजींनी उत्तर चुकीचे म्हटले तर विद्यार्थ्यास त्रासच होतो! कायद्याचा शब्द असा सैल असला म्हणजे अपराध कोणता हे आधी कळत नाही. पकडणाऱ्याच्या मर्जीवर ते ठरते. मग ज्याने काही केले नाही तो निर्भय कसा राहील? आपण काही केले की नाही, हे ठरविणारा तो स्वतः नसतोच.

सरकारपुढे शहाणपण चालत नाही, या दुसऱ्या मताचे उत्तरही याच प्रकरणात आहे. पालघरची वार्ता ऐकून श्रेया सिंघल नावाच्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी ते कलम समूळ रद्द केले. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि लोकांस दंग्यास चिथावणे या तीन गोष्टी भिन्न असून, पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांस बंदी नाही, चिथावणीपाशी मात्र कायद्याचा हात पोहोचतो, असा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. हा भेद प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. कायदा रद्द झाला तरी सवय रद्द होत नाही. कलम मेल्यानंतरही ठिकठिकाणी त्याच्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयास पुन्हा बजावून सांगावे लागले. निकाल मिळविणे हे अर्धे काम झाले. तो ठाण्यातील हवालदारापर्यंत पोहोचविणे हे उरलेले अर्धे.

दुसरे उदाहरण घराच्या चार भिंतींचे. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला. ज्याच्याजवळ ओळखीचा कोणताच कागद नाही अशा गरिबास ओळख मिळावी, हा उद्देश स्तुत्यच होता. परंतु हळूहळू हा क्रमांक जेथे तेथे मागितला जाऊ लागला. कर्नाटकातील एक निवृत्त न्यायाधीश श्री. पुट्टस्वामी यांनी, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेलेली असताना, २०१२ साली या योजनेविरुद्ध दाद मागितली. त्यातून प्रश्न निघाला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने, होय, असे उत्तर दिले.

या निकालात एक गोष्ट मोठी मननीय आहे. १९७५ साली पुकारलेल्या आणीबाणीत सहस्रावधी लोक चौकशीवाचून तुरुंगात होते. तेव्हा, म्हणजे १९७६ साली, अशा बंदिवानास न्यायालयाकडे धाव घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले. पाच न्यायाधीशांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी विरोधी मत दिले. बहुमतात महाराष्ट्राचे सुपुत्र न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड हे होते. एकेचाळीस वर्षांनी त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी खाजगीपणाच्या निकालात आपल्या पित्याचा तो निर्णय सदोष म्हणून रद्दबातल ठरविला. पित्याविषयी आदर व सत्याविषयी निष्ठा ही एकत्र नांदू शकतात, याचा याहून सुंदर धडा कोणता?

पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा निकाल लागला. सरकारी साहाय्य व प्राप्तिकर यांकरिता आधार मागणे न्यायालयाने मान्य केले. बँकेचे खाते व मोबाईलची जोडणी यांकरिता त्याची सक्ती रद्द केली. पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे की, शाळेत प्रवेश घेण्यासाठी मुलाचे आधार सक्तीचे करता येत नाही, आणि मुलाची नोंदणी करावयाची ती आईबापांच्या संमतीनेच, असे त्या निकालात आहे.

तिसरे उदाहरण टेलिफोनचे. कोणाचे बोलणे चोरून ऐकावयाचे तर गृहखात्याच्या सचिवाचा लेखी हुकूम लागतो, तो दोन महिन्यांपुरताच असतो, व काही झाले तरी सहा महिन्यांपलीकडे लांबविता येत नाही, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घालून दिला. १८८५ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी संदेश अडविण्याचा सरकारचा अधिकार कायम आहे. म्हणून या मर्यादांचे महत्त्वही कायम आहे. हे नियम शोभेचे नव्हेत. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणात असे तीन हुकूम बेकायदा ठरवून ते ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. लाच पकडणे हे काम चांगलेच, परंतु चांगल्या कामासाठीही वाट कायद्याचीच धरली पाहिजे, हे त्यातील मर्म.

उरले तिसरे मत, यंत्रे नकोत म्हणणाऱ्यांचे. येथील विम्को नाक्याचे नाव ज्या कारखान्यावरून पडले त्यात आगपेट्या तयार होत. आगकाडीने देवघरातील दिवा लागतो आणि गवताची गंजीही पेटते, म्हणून कोणी आगकाडीस शाप देत नाही. मात्र यंत्राचे मत हे शेवटचे मत मानणे घातक आहे. धातू, दगड, सिमेंट अथवा तीव्र द्रव्ये हाताळणाऱ्या मजुराच्या बोटांवरील रेषा झिजतात. वार्धक्यानेही त्या पुसट होतात. मग यंत्र म्हणते, हा तो मनुष्य नव्हे! ज्याचे बोट कष्टाने झिजले त्यासच शिधावाटपाच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठविणे हा अन्याय होय. अशा वेळी डोळ्याची खूण, मोबाईलवर येणारा आकडा वा दुसरा पुरावा घेता येतो. पाहिजे असते ती यंत्रापलीकडे बसलेल्या मनुष्याची थोडी माणुसकी.

एवढ्या विवेचनावरून, सरकारचे एखादे नवे साधन योग्य की अयोग्य हे ठरविण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत, आणि ते २०१७ च्या निकालातूनच निघतात. यास स्पष्ट कायद्याचा आधार आहे काय? यामागील हेतू लोकहिताचा व न्याय्य आहे काय? आणि त्या हेतूच्या मानाने नागरिकावर पडणारा भार प्रमाणशीर आहे काय? संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती मागितली आहे, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्याच कायद्यात केंद्र सरकारला आपल्या संस्थांस त्यातून वगळण्याची मुभाही आहे. वरील तीन प्रश्न या दोन्ही तरतुदींस लावून पाहावेत, आणि विद्यार्थ्यांनी त्यावर वादसभेत साधकबाधक चर्चा करावी.

शेवटी कर्तव्याविषयी दोन शब्द. स्वातंत्र्य म्हणजे जिभेस लगाम नसणे नव्हे. शहानिशा न करता पुढे धाडलेली अफवा, वर्गबंधूची थट्टा करणारे छायाचित्र, दुसऱ्या धर्माविषयी द्वेषाचा मजकूर, यांचे समर्थन वरील कोणत्याही निकालात सापडणार नाही. जो दुसऱ्याचा खाजगीपणा राखत नाही त्याने आपल्या खाजगीपणाची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? पालकांनीही लेकरांची छायाचित्रे व त्यांच्या शाळेचा पत्ता जगापुढे मांडण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

आम्हां ख्रिस्ती लोकांस संत पौलाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश केला आहे. परंतु त्याच पौलास चौकशीवाचून फटके मारण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्याने शताधिपतीपुढे आपला रोमी नागरिकत्वाचा हक्क मांडला, व पुढे कैसराकडे दाद मागितली, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. त्याने दंगा केला नाही, आणि तो मुकाट्यानेही बसला नाही. कायद्यास मान देणे आणि कायद्याने दिलेला हक्क मागणे ही दोन्ही एकाच सुनागरिकाची लक्षणे होत. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या अंगी ती बाणोत, हीच प्रार्थना.