गिळलेली फिल्म

1955 साली अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचण्या चालू होत्या. स्फोटाला तास उलटायच्या आतच त्याच्या ढगातून विमान न्यायचं, हे हवाई दलाच्या काही वैमानिकांचं काम. निघण्याआधी ते एक कॅप्सूल गिळत. आत औषध नसे, फोटोची फिल्म असे! कॅप्सूलला दोरा बांधलेला. उतरल्यावर तो ओढून फिल्म पोटातून बाहेर काढायची. अंगावर फिल्मचे बॅज होतेच. शोधायचं होतं ते एवढंच, की शरीराच्या आत किती किरणोत्सर्ग पोहोचतो?

त्यातले गॅमा किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत. फिल्मला मात्र कळतात. ज्या कोल्हापुरात 1929 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी जन्मली, तिथे वेगळं सांगायला नको: उजेडाची तिरीप शिरली की फिल्म गेली. किरणोत्सर्गानेही ती तशीच काळवंडते. मात्रा जास्त, तर काळेपणा जास्त. तो यंत्राने मोजायचा आणि ठरावीक मात्रा दिलेल्या फिल्मशी ताडून पाहायचा. पोटातल्या आणि अंगावरच्या फिल्मचे आकडे जवळपास सारखेच निघाले. मधे शरीर आलं तरी हे किरण फारसे अडत नाहीत!

अशाच विमानांच्या फिल्टर कागदांवर 1952च्या ‘आयव्ही माइक’ या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाची धूळ आली, आणि तिच्यातून आइन्स्टाइनियम हे नवं मूलद्रव्य सापडलं. त्या चाचणीत एक वैमानिक परतलाच नाही. इंधन संपून त्याचं विमान समुद्रात गेलं. त्या शोधाबद्दल वाचताना मला तो आधी आठवतो.

आज कोल्हापुरातल्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञाच्या छातीवर असतो तो किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1975 पासून फिल्मच्या जागी तो आणला. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, त्यात डिस्प्रोसियमचा अंश. किरणोत्सर्ग लागला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि अडकून बसतात, महिनोन्‌महिने. मग बॅज प्रयोगशाळेत जातो. चकती तापवली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि ती स्वतःच उजळते! जेवढा उजेड, तेवढी मात्रा. पुरती तापवली की चकती पुन्हा कोरी, पुन्हा वापरायला तयार.

पुढच्या वेळी एक्स-रे काढायला गेलात, तर त्या ताईंना किंवा दादांना जरूर विचारा, गेल्या तिमाहीचा आकडा किती आला. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट ही त्यांची मर्यादा, आणि नोकरी बदलली तरी त्यांची नोंद त्यांच्याबरोबरच पुढे जाते.