एक हजार नऊ : अंश आणि छेद

५ जानेवारी २०१६ रोजी कल्याण येथील युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर एका शाळकरी मुलाच्या नावापुढे १००९ हा आकडा लिहिला गेला. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा यष्टिरक्षक-फलंदाज प्रणव धनावडे आदल्या दिवसअखेर ६५२ धावांवर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी तो हजाराच्या पलीकडे गेला आणि ३ बाद १४६५ या धावसंख्येवर शाळेने डाव घोषित केला, तेव्हाही तो नाबादच होता. मुंबई क्रिकेट संघटनेच्या भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेतील सोळा वर्षांखालील मुलांचा हा सामना. क्रिकेटच्या लिखित इतिहासात, सामना कोणत्याही दर्जाचा असो, एका डावात हजार धावा करणारा दुसरा फलंदाज तोपर्यंत झालेला नव्हता. १८९९ साली इंग्लंडात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षे टिकून होता. तो पहिल्याच दिवशी मोडला होता. संघाच्या १४६५ धावांनीही व्हिक्टोरिया संघाने १९२६ साली मेलबर्न येथे उभारलेल्या ११०७ धावांना मागे टाकले.

एका रिक्षाचालकाच्या मुलाने हे करून दाखविले, याचे कौतुक झाले ते सर्वथा उचितच होते. सहा तासांहून अधिक काळ बॅट परजीत राहणे हे पंधराव्या वर्षी येरागबाळ्याचे काम नव्हे. तथापि एखाद्या आकड्याचे कौतुक करणे वेगळे आणि तो आकडा वाचणे वेगळे. त्या आठवड्यात कौतुक उदंड झाले. वाचन मात्र फारसे झाले नाही.

वाचनाची सुरुवात साध्या अंकगणिताने करता येते. १००९ धावांत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. चौकारांच्या ५१६ आणि षटकारांच्या ३५४ मिळून ८७० धावा झाल्या. म्हणजे धावून काढलेल्या धावा अवघ्या १३९. संघाच्या एकूण धावांपैकी सुमारे ६९ टक्के धावा या एकट्या मुलाच्या होत्या. प्रतिपक्षाचे, म्हणजे आर्य गुरुकुल शाळेचे, दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. वीस गडी आणि ८३ धावा, म्हणजे गड्यामागे जेमतेम चार धावा. एक डाव आणि १३८२ धावांनी सामना जिंकला गेला. आता या हिशेबातून धनावडेच्या १००९ धावा वजा करून पाहाव्यात. उरतात ४५६. तेवढ्याही धावा एक डाव आणि ३७३ धावांनी विजय मिळविण्यास पुरेशा होत्या.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकविताना तहानलेल्याच्या पाण्याच्या पेल्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. पहिला पेला अमृतासमान, पाचवा नकोसा. कल्याणच्या सामन्यात ८४ वी धाव निघाली तेव्हा विजयापुरती तहान भागली होती. दुसऱ्या डावात काय होणार हे तेव्हा कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु पहिला डाव ३१ धावांत संपलेला होता आणि चारपाचशे धावांची आघाडी घेतल्यानंतर शंकेला जागा उरली नव्हती. त्यानंतरच्या धावांना सामन्याच्या दृष्टीने काही मोल नव्हते. त्यांचे मोल होते ते विक्रमाच्या वहीत.

ही वही म्हणजे काय वस्तू आहे, हे कचेरीत जमाखर्च लिहिणाऱ्या वाचकाला चटकन उमगेल. गुणलेखक प्रत्येक धाव तीन ठिकाणी नोंदवितो. एक नोंद फलंदाजाच्या नावापुढे, दुसरी गोलंदाजाच्या नावापुढे आणि तिसरी संघाच्या चढत्या बेरजेत. डाव संपला की फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर यांची बेरीज एका बाजूला आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाइज व लेगबाइज यांची बेरीज दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही जुळाव्या लागतात. हा शुद्ध दुहेरी नोंदीचा जमाखर्च आहे. एकाच्या खात्यावर जमा झालेली प्रत्येक धाव दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर खर्ची पडलेली असते. कल्याणच्या त्या वहीत एका मुलाच्या नावापुढे १००९ जमा आहेत, आणि समोरच्या पानावर एकेका गोलंदाजाच्या नावापुढे तीनशेच्या आसपास धावा खर्ची आहेत. वृत्तपत्रांनी जमेची बाजू छापली.

अशा प्रलयात वहीची अचूकता तरी कितपत राहते? धनावडेने किती चेंडू खेळले याविषयीही एकवाक्यता नाही. कोठे ३२३ चेंडू दिले आहेत, तर कोठे ३२७. पहिला आकडा धरला तर प्रत्येक चेंडूमागे ३.१२ धावा होतात, दुसरा धरला तर ३.०९. फरक क्षुल्लक आहे. कॉलिन्सच्या ६२८ बाबत तर खुद्द गुणलेखकानेच वीस इकडे किंवा तिकडे असे म्हटल्याची आख्यायिका आहे. क्लिफ्टन कॉलेजमधील दोन वसतिगृहांचा तो सामना अनेक दुपारी चालला होता, आणि मैदानाच्या एका बाजूच्या आखूड सीमेपार गेलेल्या फटक्याला तेथे दोनच धावा मिळत. कल्याणच्या मैदानाचीही एक सीमारेषा फार जवळ होती, असे त्या वेळच्या वृत्तान्तांत आले. परंतु षटकारांना तेथे अशी कात्री नव्हती. दोन्ही आकडे विक्रमांच्या एकाच यादीत एकाखाली एक बसतात. आकडा लिहिला गेला की मैदान पुसले जाते.

मैदानाप्रमाणे प्रतिपक्षही पुसला जातो, आणि ही बाब अधिक गंभीर आहे. गणितात अंशाखाली छेद असतो. छेद सांगितल्यावाचून अंशाला अर्थ येत नाही. एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागल्यावाचून देश श्रीमंत की गरीब ते कळत नाही, त्याचप्रमाणे या धावा कोणाविरुद्ध निघाल्या हे कळल्यावाचून त्यांचे मोल करता येत नाही. आर्य गुरुकुलची मोठी मुले परीक्षेमुळे येऊ शकली नव्हती, उतरलेल्यांपैकी बरीचशी बारा वर्षांच्या आगेमागे होती, आणि सीझन बॉलने खेळण्याची सवयही अनेकांना नव्हती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. झेल पुष्कळ सुटले. बारा वर्षांच्या मुलाला तो झेल हाताला किती लागतो, हे शाळेच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागणार नाही. ही मुले दोन दिवस चेंडू आणायला धावत होती.

येथे महाराष्ट्राच्याच क्रिकेटमधील एका जुन्या प्रसंगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. के. व्ही. भांडारकर यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली होती आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला होता. डॉन ब्रॅडमन यांच्या १९३० सालच्या नाबाद ४५२ धावा मागे टाकण्यास निंबाळकरांना केवळ दहा धावा हव्या होत्या. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला आणि आपला संघ घेऊन ते निघून गेले. निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च खेळी मात्र आजही त्यांचीच आहे.

या प्रसंगात ठाकोरसाहेबांना आजवर बोलच लावला गेला आहे. खिलाडूवृत्तीचा अभाव, संस्थानिकी अहंकार असे सारे दोष त्यांच्या माथी मारले गेले. आणि दहा धावांसाठी एका उमद्या फलंदाजाला मुकावे लागले, ही हळहळही खोटी नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहता, ५८८ धावांच्या पिछाडीनंतर आपल्या संघाने आणखी किती वेळ चेंडू आणीत राहावे, हे ठरविण्याचा अधिकार ठाकोरसाहेबांनी वापरला, एवढेच घडले. त्यांना तो वापरता आला, कारण ते राजे होते. कल्याणच्या बारा वर्षांच्या मुलांपाशी असा अधिकार कोठून असणार? पिछाडी हजारावर गेली तरी मोठ्यांपैकी कोणी पुढे होऊन आता पुरे असे म्हटले नाही. विक्रम डोळ्यांसमोर दिसत होता, छायाचित्रकार येऊन ठेपले होते, आणि अशा वेळी पुरे म्हणणारा माणूस गावाचा वैरी ठरतो.

धावांचे असे डोंगर मुंबईच्या मैदानांवर काही आजच उभे राहू लागलेले नाहीत. १९३३-३४ च्या हंगामात टाइम्स ढाल स्पर्धेत बी. बी. सी. आय. रेल्वेच्या दादाभॉय हवेवाला यांनी ५१५ धावा केल्या होत्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. डाव घोषित करण्याविषयी सीमारेषेवरून होणाऱ्या खुणांकडे दोघांनी पाहिलेच नाही, ही गोष्ट पुढे कौतुकाने सांगितली गेली. पुढे सर्फराज खान ४३९, अरमान जाफर ४९८, पृथ्वी शॉ ५४६ अशी चढण लागली. यामागे केवळ हाव नाही, कारण आहे. निवड करणारे थोडे, मुले अगणित, आणि प्रत्येकाचा खेळ प्रत्यक्ष पाहणे कोणालाच शक्य नाही. अशा बाजारात मालाऐवजी मालावरची चिठ्ठी पाहून सौदा होतो. कल्याण, डोंबिवली वा ठाण्याच्या मुलाला ही अडचण दुप्पट. पहाटेच्या लोकलमध्ये किटची पिशवी पायांत धरून, डब्यातल्या नोकरदारांची बोलणी खात तो आझाद मैदानापर्यंत पोहोचतो; पण त्याचा आकडा त्याच्या आधी, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील बारीक टाइपात, चर्चगेटला पोहोचतो. शतकाची चिठ्ठी सर्वांच्याच हातात असली की ती कोणी वाचत नाही. मग द्विशतक, मग त्रिशतक. चलनवाढ धावांच्या चलनालाही चुकत नाही.

धावांच्या चलनाची ही घसरण मोजण्याचे प्रयत्न अन्य खेळांत झाले आहेत. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये १९६७-६८ पासून गोलांच्या जोडीला अधिक-उणे असे एक खाते अधिकृतपणे ठेवले जाते. दोन्ही बाजूंचे संख्याबळ सारखे असताना संघाने गोल केला की त्या क्षणी बर्फावर असलेल्या प्रत्येक खेळाडूच्या नावावर एक अधिक, आणि गोल झाला की एक उणे. गोल न करणाऱ्याचे मोल त्यामुळे थोडेबहुत दिसू लागले, यद्यपि चांगल्या संघातला सामान्य खेळाडूही या खात्यात श्रीमंत दिसतो, हा दोष उरलाच. तेथील वेन ग्रेट्झ्की यांनी १९८१-८२ च्या एका हंगामात ९२ गोल केले. त्या हंगामात सामन्यामागे दोन्ही संघांचे मिळून सुमारे आठ गोल होत असत. पुढील काळात हे प्रमाण साडेपाच-सहाच्या घरात आले. त्यामुळे दोन काळांतील खेळाडूंची तुलना करताना तेथील आकडेतज्ज्ञ त्या त्या हंगामाच्या सरासरीने भागाकार करतात. शालेय क्रिकेटमध्ये हा भागाकार करण्याइतकी नोंदच प्रतिपक्षाविषयी ठेवली जात नाही. कोणत्या वयाची मुले उतरली, सीमारेषा किती लांब होती, त्या स्पर्धेत सरासरी डाव किती धावांचा झाला, हे तीन रकाने वहीत वाढविण्यास कागदाखेरीज काही खर्च येणार नाही.

छेदाविना वापरलेला अंश किती घातक ठरतो, याचा प्रत्यय त्याच वर्षी आला. पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकर निवडला गेला आणि हजार धावा करणारा धनावडे वगळला गेला, म्हणून जून २०१६ च्या सुमारास मोठा गहजब झाला. वस्तुस्थिती अशी होती की विभागाचा संघ राज्य संघांतून खेळलेल्या मुलांतून निवडला जातो आणि धनावडे मुंबईच्या त्या वयोगटाच्या संघात नव्हता. त्यामुळे त्याचा विचार होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. दोन मुलांची मैत्री असताना त्यांना आखाड्यात उभे करणाऱ्यांच्या हातात एकच शस्त्र होते, आणि ते म्हणजे १००९.

त्या आकड्याचे ओझे अखेर एका घरावर पडले. विक्रमानंतर लगेच मुंबई क्रिकेट संघटनेने मुलाला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली होती. पुढच्या सामन्यांत हजाराच्या मापाने मोजल्यावर प्रत्येक खेळी तोकडीच पडणार होती. चाळीस धावा केल्या तर लोक हसणार, शून्यावर बाद झाला तर बातमी होणार. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहिले. मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही, सबब शिष्यवृत्ती थांबवावी, असा त्याचा आशय होता. मिळत असलेला पैसा हिशेबात बसत नाही म्हणून स्वतःहून परत करणारे पत्र अशा कार्यालयांत वरचेवर येत नसावे. शिष्यवृत्तीची मुदत कागदावर डिसेंबर २०२० पर्यंत होती.