भूकंपाविषयीं मुलांस काय शिकवावें?

भूकंप ही हिंगोली जिल्ह्यांतील मुलांस आतां केवळ भूगोलाच्या पुस्तकांतील गोष्ट राहिलेली नाहीं. सन २०२४ च्या मार्च महिन्यांत, २१ तारखेस सकाळीं सहाच्या सुमारास, थोड्या अंतरानें दोन धक्के बसले. त्यांतील मोठा ४.५ तीव्रतेचा होता. त्याच वर्षीं १० जुलै रोजीं सकाळीं तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हां बसला व तो हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत जाणवला. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे येथें तर जमिनीच्या पोटांतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षें ऐकत आले आहेत. अशा वेळीं मूल विचारतें, "पुन्हां होईल का? केव्हां होईल?" यास खरें उत्तर द्यावें. पुन्हां होऊं शकेल. पण भूकंपाचा दिवस व घटका आधीं सांगण्याची विद्या अद्याप कोणासही साध्य झालेली नाहीं. म्हणून 'आज रात्रीं भूकंप होणार' अशी वार्ता कोणीं आणली तर ती खोटी समजावी. हा पहिला धडा होय.

दुसरा धडा कारणाचा. भारताचें भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत असून आशियास रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण दूरवर, आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाखालींही सांठतो. एखाद्या जुन्या भेगेपाशीं खडक एकाएकीं सरकला म्हणजे तो ताण सुटतो व त्याच्या लहरी आपल्या पायांखालून जातात. लहान मुलाच्या हातीं एक वाळकी काटकी देऊन ती हळूहळू वांकविण्यास सांगावें. बराच वेळ कांहींच होत नाहीं. मग ती कडकन मोडते व हाताला झिणझिण्या येतात. भूकंप तो हाच. ती कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे, हेंही मुलास येथेंच सांगावें.

तिसरा धडा किल्लारीचा. सन १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणेशविसर्जन झालें होतें. गांवें गाढ झोपेंत होतीं. सुमारे दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. हलणारी जमीन स्वतः कोणास मारीत नाहीं. तेथें काळ झालीं तीं घरें: मातींत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती, आणि वर मातीचें जड धाबें. भिंती फुटल्या, धाबें खालीं आलें. आपल्याकडील धक्क्यांहून तो भूकंप ऊर्जेनें तीनशे पटींहून अधिक मोठा होता. तेव्हां मुलांस घाबरविण्याचें कारण नाहीं. परंतु तशीं घरें आपल्याही गांवांत आहेत, हें विसरूनही चालणार नाहीं.

आतां कृति. वर्गांत धक्का जाणवतांच धांवूं नये. बांकाखालीं शिरावें, डोकें व मान हातानें झांकावी, बांकाचा पाय घट्ट धरावा. हादरा थांबला म्हणजे दप्तर डोक्यावर धरून, ढकलाढकली न करितां, रांगेनें मैदानांत यावें; भिंत, झाड व विजेच्या तारा यांपासून दूर उभें राहावें. दगडमातीच्या घरांत मात्र दार दोन पावलांवर असल्यास तत्काळ उघड्यावर जावें. नसल्यास मजबूत पलंगाखालीं आसरा घ्यावा. अरुंद गल्लींत थांबूं नये. सन २००१ च्या २६ जानेवारीस गुजरातेंत अंजार येथें प्रजासत्ताकदिनाच्या फेरींत निघालेलीं शाळेचीं मुलें व त्यांचे शिक्षक दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळून गाडले गेले.

हें एकदां सांगून भागत नाहीं. जपानांत सन १९२३ च्या १ सप्टेंबरला टोकियो व योकोहामा उद्ध्वस्त झालीं. त्या तारखेस तेथील शाळांतून आजही सराव होतो. पाढे जसे पाठ होतात तसाच हा सरावही अंगीं मुरला पाहिजे, कारण त्या क्षणीं विचार करावयास सवड नसते.

पालकांस शेवटीं एक विनंती. आपल्या सेनगांव भागांत वाऱ्यानें पत्रे उडूं नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत आहे. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनानें लोकांस हे दगड काढून घेण्यास सांगितलें होतें. ते उतरवून पत्रे हूक-बोल्टांनीं आवळून घ्यावे. मुलाच्या उशाशीं उंच मांडणी अथवा जड डबे असल्यास त्याचें अंथरूण तेथून हलवावें. विद्यार्थ्यांनीं आज घरीं जाऊन प्रथम वर पाहावें: आपण निजतों त्या जागेवर काय आहे? जें पडण्यासारखें असेल तें वडिलांस दाखवावें, आणि तें खालीं येईपर्यंत आठवण करून देत राहावें. या एका हट्टाबद्दल आम्ही कोणासही रागावणार नाहीं.