हर्बलच तर आहे ना?

झोप येत नाही? अश्वगंधा घे. पाळी पुढे-मागे होतेय? अश्वगंधा घे. थायरॉइड बॉर्डरलाइन? अश्वगंधा आहे ना! पण हार्मोन्सना हात घालणारी ही मुळी खरंच इतकी बिनधास्त घ्यायची गोष्ट आहे का?

ऑफिसमधल्या कुठल्याही मैत्रिणीच्या ड्रॉवरमध्ये डोकावून बघा. हँड क्रीम, मोबाइलचा चार्जर, अर्धी उरलेली चिक्की आणि हमखास अश्वगंधाच्या कॅप्सूल्सची डबी. आता तर गमीजसुद्धा आल्यात, म्हणजे औषध घेतोय असंही वाटत नाही. शेजारच्या डेस्कवरचा जिमवाला मित्र तीच गोष्ट दुधातून घेतो, त्याचा फंडा वेगळा. कुणी सांगितलं, असं विचारलंत तर उत्तरं ठरलेली. मावशीने, ट्रेनरने नाहीतर इन्स्टावरच्या एखाद्या रीलने. आणि डॉक्टरांना विचारलंस का? ‘अगं, त्यात काय विचारायचं? हर्बलच तर आहे!’

गंमत इथेच आहे. ‘हार्मोन्सवर काम करते’ म्हणून आपण ती घेतो आणि ‘हर्बल आहे’ म्हणून ती काहीच बिघडवणार नाही, असंही धरून चालतो. बॉस, दोन्ही एकदम कसं जमेल?

आजीची आस्कंद

अश्वगंधा म्हणजे आपली आस्कंद. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातलं हे झुडूप. औषधात वापरतात ते मूळ. त्याला घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा. शास्त्रीय नावातल्या ‘सोम्निफेरा’चा अर्थ ‘झोप आणणारी’. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात तिची शेती होते आणि नीमचच्या बाजारात तिची मुळं पोत्यांनी विकली जातात.

जुन्या पद्धतीत वैद्य ती चूर्ण करून दुधातून द्यायचे. कुणाला, किती दिवस, कोणत्या ऋतूत, हे नाडी आणि पचन बघून ठरायचं. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात मुळाच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. आपल्या डबीत मात्र बहुतेक वेळा चूर्ण नसतं, अर्क असतो. विदॅनोलाइड्स नावाची द्रव्यं त्यात घट्ट करून भरलेली असतात. ३०० मिलिग्रॅम हा आकडा छोटा दिसतो, पण अर्काचे ३०० आणि चूर्णाचे ३०० यांत बराच फरक आहे. आजीने आयुष्यभर घेतली म्हणून मलाही चालेल, हे गणित इथे पहिल्यांदा चुकतं.

काम करते का? हो, थोडं!

उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये भारतात झालेल्या एका अभ्यासात सततच्या टेन्शनने त्रासलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क दिला, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी कॅप्सूल. ६० दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचं टेन्शन कमी झालं होतं आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं होतं. २०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० जणांना घेतलं. त्यांतल्या अर्क घेणाऱ्यांचे रिपोर्ट आठ आठवड्यांत सुधारले. २०१९ मध्ये चाळिशीपुढच्या वजनदार पुरुषांवर केलेल्या छोट्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन साधारण १५ टक्के जास्त दिसलं.

वाचायला मस्त वाटतं. पण आकडे बघा. पन्नास-साठ माणसं आणि दोन-चार महिने. वर्षानुवर्षं घेतली तर काय होतं, हे त्यातून कळत नाही. आणि पीसीओडीसाठी ती डोळे झाकून घ्यावी, इतका भक्कम पुरावा तर अजिबात नाही.

धडधड कशाची?

आता नाण्याची दुसरी बाजू. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका ३२ वर्षांच्या, एरवी ठणठणीत बाईची केस नोंदवली. सतत थकवा येतो म्हणून ती अश्वगंधाच्या कॅप्सूल्स घेत होती. तिने डोस वाढवला आणि थायरॉइड नको तितका जोरात धावायला लागल्याची लक्षणं सुरू झाली. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. कॅप्सूल्स थांबवल्या आणि सगळं आपोआप पूर्ववत झालं.

ही एकच केस आहे, मान्य. पण तिच्यातली मेख बघा. थायरॉइड वाढला की काय होतं? छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, चिडचिड होते. आणि आपण अश्वगंधा कशासाठी घेतो? झोप नाही, चिडचिड होते, टेन्शन आहे म्हणून! म्हणजे औषधामुळे होणारा त्रास आपण कामाच्या ताणाच्या खात्यावर टाकतो आणि एकाच्या दोन कॅप्सूल्स करतो.

ज्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी तर मामला आणखी गुंतागुंतीचा. गोळीसोबत गुपचूप अश्वगंधा सुरू केली आणि टीएसएच खाली आला, तर डॉक्टरांना वाटणार की गोळीचा डोस जास्त होतोय. ते गोळी कमी करणार. मग दोन महिन्यांनी तुम्ही कंटाळून डबी बंद केली की टीएसएच पुन्हा वर! डॉक्टर बिचारे रिपोर्ट बघून डोकं खाजवणार, कारण ड्रॉवरमधली डबी त्यांना कुणी दाखवलेलीच नाही.

लिव्हरचं काय?

२०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झालेल्या पाच जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्रास सुरू झाला तो २ ते १२ आठवड्यांत. मळमळ, अंगाला खाज, डोळे पिवळे. २०२३ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनीही अशा केसेस मांडल्या. त्यात आधीपासूनच लिव्हरचा आजार असलेल्या काही जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधावर बंदी घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२४ मध्ये स्वतंत्र दस्तऐवज काढून मूळ सुरक्षित असल्याची बाजू मांडली.

मग कुणाचं ऐकायचं? घाबरून जाऊ नका. किती लोक ती घेतात हे बघता असा त्रास क्वचितच होतो. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नाही. आणि तो कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

बाजारातल्या मालाचाही प्रश्न आहेच. औषध मुळाचं असलं तरी पानं स्वस्त पडतात. म्हणूनच २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने पानं वापरू नका, अशी सूचना उत्पादकांना दिली होती. आणि २००८ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

डबी उघडण्याआधी...

• आधी रक्त तपासा. टीएसएच माहीत नसताना ‘थायरॉइडसाठी’ म्हणून काहीही सुरू करू नका.

• प्रेग्नंट असाल, चान्स घेत असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर अश्वगंधा नकोच. लिव्हरचा आजार असेल किंवा थायरॉइड वाढलेला असेल तरीही नको. प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या पुरुषांनीही लांब राहावं.

• थायरॉइड, शुगर, बीपी, झोपेच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

• लेबल वाचा. मूळ की पान? चूर्ण की अर्क? परवाना क्रमांक आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर डबी परत ठेवा.

• अभ्यास झालेत ते दोन-तीन महिन्यांचे. त्यापुढे ‘चालू आहे म्हणून चालू’ असं करू नका.

• धडधड, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा अंगभर खाज यातलं काहीही दिसलं की डबी बंद, डॉक्टर चालू.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना ती डबी पर्समध्ये टाका. वैद्य असोत की एमडी, ‘आणखी काही घेता का?’ असं त्यांनी विचारलं की ‘नाही’ म्हणायच्या आधी ती टेबलावर ठेवा. ओशाळायचं काही कारण नाही. आपण काय काय घेतो, हे मावशीला, ट्रेनरला आणि अख्ख्या ऑफिसला माहीत असतं. ज्यांना माहीत असायला हवं, तेवढेच राहून जातात.