टाच टेकव

बँकेत चौतीस वर्षे काढली. त्यांतली बरीचशी सह्या पडताळण्यात गेली. नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर मंडळींची रांग लागायची आणि कुणा ना कुणाची सही नमुन्याशी जुळायची नाही. एक निवृत्त शिक्षक मला चांगले आठवतात. तीनदा सही केली, तिन्ही वेळा बिघडली. चित्र काढावे तसे ते एकेक अक्षर काढत होते. मी त्यांना बसवले, चहा मागवला, त्यांच्या शाळेच्या गोष्टी काढल्या आणि बोलता बोलता कागद पुढे सरकवला. गुरुजींनी माझ्याकडे बघतच सही ठोकली. अगदी नमुन्याबरहुकूम! सही हाताला पाठ होती. डोके मध्ये लुडबुड करत होते, एवढेच.

हा प्रसंग मी एका कथेत वापरला आणि विसरून गेलो. त्याचा अर्थ लागला तो अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अखेरच्या दिवसांत.

अण्णांचा जन्म १९३० सालचा, आटपाडीचा. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले होते. १९३८ साली त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक थेट लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्या शाळेत अण्णांना लागलेली सवय पुढे सत्तर वर्षे सुटली नाही. पहाटे त्यांच्या श्वासाच्या आवाजाने मला जाग यायची आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो.

मी पुस्तकातला किडा. शरीर म्हणजे डोके इकडून तिकडे वाहून नेणारी सायकल, असे माझे मत होते. पुढे देकार्तविषयी वाचले, तेव्हा तर एक थोर साथीदारच मिळाला. मन वेगळे आणि शरीर वेगळे, असे त्यानेच ठासून सांगितले होते. पण १६४३ साली बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने त्याला पत्रातून एक साधा प्रश्न विचारला. मन जर जागाच व्यापत नाही, तर ते शरीराला हलवते तरी कसे? देकार्तने उत्तरे दिली, पण तिचे समाधान काही झाले नाही.

आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी योगातल्या क्रिया क्ष-किरण यंत्रापुढे आणल्या आणि त्या वेळी पोटातला दाब किती होतो, तेही मोजले. मनाच्या शोधाला निघालेल्या विद्येची पडताळणी त्यांनी शरीरापासून सुरू केली. बँकवाल्याला हे पटण्यासारखे होते. पटलेही. तरी माझी चटई गुंडाळलेलीच राहिली.

२०१४ साली अण्णांची स्मृती ओसरू लागली. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग नातवंडांची, मग माझे. मला ते ‘अहो’ म्हणू लागले. ‘अहो, तुम्ही कुठले?’ असे फार अदबीने विचारायचे. मुलाला वडिलांच्या तोंडचा ‘अहो’ ऐकणे किती जड जाते, ते ऐकल्याखेरीज कळायचे नाही.

एका सकाळी ते फारच बेचैन होते. काय करावे सुचेना, म्हणून मी सतरंजी अंथरली आणि त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिलो. तेही राहिले. वाकले, पाय मागे नेले, श्वास सोडला. एकही पायरी चुकली नाही. माझीच चुकली. त्यांनी मान वळवून पाहिले आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाले, ‘टाच टेकव.’

वैद्यकशास्त्राला यात नवल नाही. १९५३ साली मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर एका अमेरिकन रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवणे अशक्य झाले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला लावली. आपण हे कधी केले आहे हे त्याला आठवत नसे, तरी दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. घटनांची आठवण आणि कौशल्याची आठवण ही मेंदूतली जणू निरनिराळी खाती. एक गोठले तरी दुसरे चालू राहू शकते.

पण म्हणून व्यायामाला चमत्कार ठरवू नये. अण्णांचा आजार नमस्कारांनी थांबला नाही. दुपारी मी पुन्हा ‘अहो’ झालो. मात्र रोज सकाळची ती दहा मिनिटे आम्ही एकमेकांना ओळखत होतो. २०१७ साली ते गेले, तोवर हा क्रम जमेल तसा चालू राहिला.

आता मी एकटाच बारा नमस्कार घालतो. मन शांत हो म्हटल्याने होत नाही, हा अनुभव आपणा सर्वांचाच. पण श्वास मोजत वाकू लागलो की काही वेळाने तेही निमूटपणे मागून येते. त्याला बोलवावे लागत नाही. सायकलची उपमा मी केव्हाच सोडून दिली आहे.

टाच मात्र अजून पुरती टेकत नाही.