समुपदेशनाचा कोर्स निवडताना काय विचारायचं?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं त्यातली एक सूचना सांगते. पुढे अटही आहे : त्या व्यक्तीनं बालक आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं आणि ते दाखवता यावं. ही अट बातम्यांमध्ये फारशी ठळक झाली नाही, पण खरं वजन तिच्यातच आहे. समुपदेशक म्हणून कुणालाही नेमून भागणार नाही, त्या वयाच्या मुलांसोबत काम करायला शिकलेलं माणूस हवं.

मागणी आली की कोर्स येतात. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, शनिवार-रविवारचे वर्ग, मोबाइलवर बघायची व्हिडिओ व्याख्यानं, असं बरंच काही आज समोर आहे. चौकशी करणाऱ्यांमध्ये मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या मुली असतात, वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई असतात, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक असतात. बहुतेक जण फी किती, मुदत किती आणि नोकरी लागेल का, हे विचारतात. रास्तच प्रश्न आहेत. पण मला वाटतं, त्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा : प्रत्यक्ष माणसासमोर बसण्याचे तास किती, आणि त्या तासांवर सुपरव्हिजन कोणाचं?

समुपदेशन हे पुस्तकातून समजतं, पण येत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं १९५७ साली मांडलेल्या अटी, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं जग समजून घेणं, त्याला बिनशर्त स्वीकारणं आणि स्वतः आतबाहेर एक असणं, पाठ करायला एक दुपार पुरते. अंगी बाणायला काय लागतं, ते चांगल्या वर्गात बसल्यावर कळतं. तिथे तिघा-तिघांचे गट करतात. एक समुपदेशक, एक क्लायंट, तिसरा निरीक्षक. पंधरा-वीस मिनिटं बोलणं होतं आणि मग त्याचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. या कागदाला वर्गात 'व्हर्बेटिम' म्हणतात. विद्यार्थ्यांना सगळ्यात नकोसं वाटणारं काम हेच, आणि सगळ्यात जास्त शिकवणारंही हेच.

असा एक कागद डोळ्यांसमोर आणून बघा. क्लायंट झालेला मुलगा म्हणतो, 'बारावीला दोन विषय गेले. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.' शिकाऊ समुपदेशक म्हणते, 'अरे, दोनच ना? पुरवणी परीक्षेत निघतील.' बोलण्यात माया आहे, वाईट हेतू तर नाहीच. पण पुढच्या सात-आठ ओळींत मुलगा फक्त 'हो' आणि 'हं' म्हणतो. सुपरव्हायझर त्या 'दोनच ना'खाली रेघ मारते आणि विचारते, 'त्यानं तुला दोन वाक्यं दिली होती. तू कुठलं उचललंस?' विषय गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या छातीवरचं ओझं 'घरी सांगितलेलं नाही' या दुसऱ्या वाक्यात होतं. मग तोच प्रसंग पुन्हा करायचा. या वेळी ती विचारते, 'घरी सांगायचं म्हटलं की आधी कोणाचा चेहरा समोर येतो?' मुलगा थोडा वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, 'बाबांचा. त्यांनी क्लाससाठी पतपेढीतून कर्ज काढलंय.' दिलासा देण्याची घाई आवरली की बोलणं कुठल्या कुठे जातं, ते असं शिकावं लागतं, आणि एकदा शिकून भागत नाही.

शिक्षकांसाठीचा एक जुना, नीट बांधलेला नमुना एनसीईआरटीच्या मार्गदर्शन आणि समुपदेशन पदविकेचा आहे. एकूण एक वर्ष. पहिले सहा महिने घरून अभ्यास आणि स्वाध्याय, मग तीन महिने केंद्रावर राहून समोरासमोर प्रशिक्षण, मग तीन महिने आपल्याच शाळेत किंवा गावात इंटर्नशिप. प्रशिक्षित शिक्षकांना आणि मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य अशा विषयांतल्या पदव्युत्तरांना तो खुला असतो. महाराष्ट्र आणि गोवा एनसीईआरटीच्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतात. घरदार आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला तीन महिने भोपाळला राहणं सोपं नाही, हे मान्य. पण या मधल्या तीन महिन्यांची जागा कुठलीही व्हिडिओ व्याख्यानं घेऊ शकत नाहीत.

पायाभूत कौशल्यं झाली की विशेष शिक्षणाचा प्रश्न येतो. शाळेचंच घ्या. आठवीतली मुलगी दार लोटून आत येते आणि आधी विचारते, 'तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?' न शिकलेला माणूस भाबडेपणानं 'नाही सांगणार' म्हणून जातो. नंतर तिनं घरातल्या कुणाकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर त्याला दिलेला शब्द मोडावा लागतो. कारण पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिकलेला समुपदेशक गुप्ततेची हद्द पहिल्याच भेटीत, मुलीला कळेल अशा शब्दांत सांगून ठेवतो. तीन-चार वाक्यंच असतात ती, पण सहज तोंडी येण्यासाठी आधी अनेकदा घोकून झालेली असावी लागतात.

आत्महत्येबद्दल विचारण्याचंही तसंच. 'मरण्याचा विचार मनात येतो का?' असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरवला जाईल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला असते. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. प्रश्न कसा विचारायचा, उत्तर 'हो' आलं तर पुढे काय विचारायचं, त्या माणसाला एकटं कसं सोडायचं नाही आणि कुणाकडे पाठवायचं, हे क्रमानं शिकवणारा कोर्स हवा. ('टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे. समुपदेशकाच्या टेबलावर तो लिहिलेला असावा.)

इतर क्षेत्रांतही हेच. एचआयव्ही चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन व्हायला हवं, हे २०१७च्या कायद्यातच आहे. दहा मिनिटांत निकालाची बातमी देणं आणि पुढचं उपचाराचं वळण समजावणं ही वेगळी कसरत आहे. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४च्या कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. तिथे नवरा आणि बायको दोघेही क्लायंट, आणि दोघांनाही तुम्ही आपल्या बाजूचे हवे असता. व्यसनमुक्तीत घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय गाडा हलत नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून चालू आहे, आणि व्यसनाकडे बघताना बायको, आई, मुलं यांच्याकडेही बघायचं असतं, ही गोष्ट मराठी समाजाला अशा संस्थांच्या कामातूनच कळत गेली. या प्रत्येक ठिकाणी पदव्युत्तर प्रमाणपत्राला अर्थ आहे, पाया आधी पक्का असेल तर.

कायद्याची बाजू कोर्सच्या माहितीपत्रकांत बऱ्याचदा अंधूक ठेवलेली असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रमच लागतो. समुपदेशनाच्या डिप्लोम्यानं ती नोंदणी मिळत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोरुग्ण समाजकार्यकर्ते यांच्या नोंदणीची तरतूद आहे, समुपदेशकाची वेगळी नाही. आजाराचं निदान करणं आणि औषध सुचवणं हे समुपदेशकाचं काम नव्हे, आणि वेळीच रेफर करणं हे त्याचं कामच आहे. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक यांना पहिल्यांदा एका राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली आणलं. त्यामुळे आज प्रवेश घेणाऱ्यानं संस्थेला लेखी विचारावं : विद्यापीठाची मान्यता आहे का, आयोगाच्या अभ्यासक्रमाशी हा कोर्स कसा जुळतो, आणि प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार? उत्तर देताना कुणी अडखळलं, तर फी भरण्याआधी थांबावं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडचे बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. वाचन इंग्रजीत असायला हरकत नाही, सरावही इंग्रजीत होतो ही मात्र अडचण आहे. उद्या समोर बसणारी बाई 'छातीत धडधडतं', 'डोकं गच्च होतं', 'जीव कशात लागत नाही' असं बोलणार आहे. तिच्या एका वाक्यात सासू, कर्ज, पाळी आणि झोप एकत्र येणार आहे. तिला प्रतिसाद द्यायची सवय मराठीतच व्हावी लागते. कोर्समध्ये रोल-प्ले आणि व्हर्बेटिम मराठीत करू देतात का, हे विचारा. नागपूर, नांदेड, सावंतवाडी अशा ठिकाणी काम करणार असाल, तर तिथली बोली समजणारा सुपरव्हायझर मिळेल का, हेही विचारा.

ऑगस्ट २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रमांचे दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश त्याच सत्रापासून थांबवायला सांगितलं. सुपरव्हिजनशिवाय पदव्या वाटल्या जाऊ नयेत, या दृष्टीनं मला तो निर्णय बरोबर वाटतो. पण गडचिरोली, हिंगोली, नंदुरबारमधल्या ज्या शिक्षिका पोस्टानं पुस्तकं मागवून मानसशास्त्र शिकत होत्या, त्यांच्यासाठी जवळपास दुसरा मार्गच उरलेला नाही. शंभर विद्यार्थी तर त्यांच्याही शाळेत आहेत. यावर एक उपाय सुचतो : जिल्ह्याच्या ठिकाणच्या समाजकार्य महाविद्यालयात आणि शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मिळून दर शनिवार-रविवारी वर्ग भरवता येतील. मनोविकारतज्ज्ञ आणि अनुभवी समुपदेशक सुपरव्हायझर म्हणून तिथे येऊ शकतील, आणि इंटर्नशिप त्याच तालुक्यातल्या शाळांमध्ये होऊ शकेल. त्यासाठी राज्याच्या आरोग्य आणि शिक्षण खात्यांनी एका टेबलाशी बसून सुपरव्हायझरांचं मानधन ठरवायला हवं आणि शिक्षकांना वर्षभर शनिवारची सुट्टी द्यायला हवी.