माउलींचा गजर : पडद्यावरचा आणि वाटेवरचा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट टाळ-मृदंगाच्या घोषाने दुमदुमून गेले असेल. ज्यांना यंदा पंढरी गाठता आली नाही, त्यांच्या घरी विठोबाच्या तसबिरीला तुळशीचा हार चढेल, हरिपाठ होईल. आणि पुष्कळ घरांतून आणखी एक सूर कानी येईल, तो ‘माउली माउली’ या गीताचा.

हे गीत २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘लय भारी’ या चित्रपटातील. शब्द गुरू ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचे आणि गायन धाकटे बंधू अजय यांचे. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट त्या वर्षीच्या आषाढीनंतर दोनच दिवसांनी, ११ जुलै रोजी, पडद्यावर आला. कथेतील पंढरपूरच्या नायकाचे नावच ‘माउली’. संथ आळवणीने आरंभ होऊन टाळ, मृदंग आणि समूहस्वर यांच्या संगतीने चढत जाणारे हे गीत, वारकऱ्यांच्या जनसागरात भान हरपलेला नायक आणि भगव्या पताकांची दाटी यांमुळे, ज्यांनी वारी कधी पाहिली नाही अशांच्याही डोळ्यांपुढे पंढरी उभी करते.

भक्तीचा असा देखावा मांडावा काय, अशी शंका काही श्रद्धावंतांच्या मनात येते. ती अगदीच अनाठायी नव्हे. तथापि चित्रपट आणि संतपरंपरा यांचे नाते आजचे नाही. दामले-फत्तेलाल या जोडीने १९३६ साली ‘प्रभात’साठी ‘संत तुकाराम’ निर्माण केला. त्यातील ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी रचलेले. परंतु ते तुकोबांचाच अभंग म्हणून अनेकांनी स्वीकारले. लोकांनी तेथे पडदा पाहिला नाही, भाव पाहिला.

मग कसोटी कोणती? ती ‘माउली’ या शब्दातच आहे. ज्ञानोबा ही माउली. विठ्ठल तर विठाई. परंतु वारीच्या वाटेवर सोबतचा अनोळखी वारकरीही माउलीच असतो. तेथे लहानाने थोराच्या आणि थोराने लहानाच्या पाया पडावयाचे असते. पडद्यावर एक नायक आणि बाकी समुदाय, अशी मांडणी अपरिहार्य आहे. वाटेवर मात्र नायक कोणीच नसतो.

ही समता शब्दांनीच साधली असे नाही. ज्या महाद्वारी चोखोबांची समाधी आहे, त्याच द्वारातून त्यांच्या बांधवांना शतकानुशतके आत प्रवेश नव्हता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा हरिजनांसाठी मंदिराची दारे उघडली. ‘माउली’ या एका हाकेचे मोल एवढे मोठे आहे.

म्हणून आज हे गीत घरात अवश्य लागावे, मुलाबाळांनी त्यावर ठेका धरावा. मात्र गीत संपल्यावर दाराशी जो कोणी येईल, मग तो दूधवाला असो वा झाडूवाला, त्यालाही त्याच मुखाने ‘या माउली’ म्हणता आले पाहिजे. तेवढे साधले, तर आपली एकादशी पांडुरंगाच्या चरणी रुजू झाली असे समजावे.